जाडं पुस्तक, बारकं पुस्तक आणि गडावरची चेटकीण

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. नाही, राहू द्या. तुम्ही कबूल कराल आणि तरीही हसाल. फक्त एक करा, ही गोष्ट आमच्या सासूबाईंसमोर काढू नका. म्हणजे, त्यांना ती माहीत आहे. पण अर्धीच माहीत आहे, आणि त्या अर्ध्यावरच सध्या माझा संसार सुखात चाललाय.

तर, आमच्या घरात वाद पेटला होता. जमिनीचा नाही, देण्याघेण्याचा नाही. वाद होता खेळाचा!

टेबलाभोवती बसून खेळायचे ते कल्पनेचे खेळ असतात बघा. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो. बाकीच्यांपैकी कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. सूत्रधार म्हणतो, "समोर दरी आहे, काय करता?" मग आपण काय करतो ते सांगायचं, फासा टाकायचा, आणि दरीत पडलो की पलीकडं गेलो ते फासा ठरवणार. फासा वीस बाजूंचा. तो सईनं, म्हणजे माझ्या पाच वर्षांच्या मुलीनं, गिळला तर काय, ह्या विचारानं मी तो घरात आल्यापासून धड झोपलेले नाही. पण ते असो.

असे खेळ जगात ढिगानं आहेत आणि त्यातला सर्वांत भारी कोणता, ह्यावरून माणसं एकमेकांचं तोंड बघायचं बंद करतात. मी नावं घेत नाही, उगाच दोन्हीकडचे भक्त दारात यायचे. आमच्याकडं दोन खेळ होते. त्यांना आपण जाडं आणि बारकं म्हणू.

जाडं माझं. उशाला घेतलं तर मान धरेल एवढं पुस्तक. त्यात प्रत्येक गोष्टीला नियम. कंदिलाचा उजेड किती लांब पडतो? नियम. पाण्याखाली श्वास किती वेळ धरता येतो? नियम. उंचावरून पडलं तर कितपत लागतं? तक्ता!

बारकं माझ्या दिराचं, ओंकारचं. त्याचं पुस्तक म्हणजे लग्नपत्रिकेपेक्षा दोन पानं जास्त. नियम एकच: वाटेल ते बोला, अडलं तर फासा टाका.

ओंकार नात्यानं भाऊजी, वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यामुळं एरवी मी त्याला ओंकार म्हणते आणि भांडताना भाऊजी. त्या महिन्यात तो फक्त भाऊजी होता.

"वहिनी, तुमच्या खेळात माणूस शिंकला तरी तक्ता बघावा लागतो."

"शिंकण्याचा तक्ता नाहीये, भाऊजी. थंडीनं आजारी पडण्याचा आहे. दोन्ही वेगळं."

"ऐकलंस का दादा? वेगळं म्हणे!"

दादा, म्हणजे माझा नवरा नितीन, ऐकत नव्हता. तो आठवडाभर शेंद्र्याला कंपनीत मशीनसमोर उभा असतो. शनिवारी दुपारी त्याचा योद्धा आणि तो, दोघंही पेंगत असतात.

"आणि तुझ्या खेळात काय आहे?" मी म्हटलं. "कोणीही काहीही बोलायचं आणि ते व्हायचं! त्याला खेळ नाही म्हणत, गप्पा म्हणतात."

"मग गप्पांसाठीच तर जमतो आपण! नियमच वाचायचे तर कंपनीत वाचतो की मी."

"ए, तुम दोनों का हो गया हो तो बघा जरा," फराह मधेच म्हणाली. ही माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, आमच्याच बिल्डिंगमध्ये खाली राहते. "माझा चोर कधीचा दोरीला लटकायलाय. उतरू का मरू, एक काहीतरी सांगा."

आमच्या वादापायी फराहचा चोर पुढच्या शनिवारपर्यंत लटकलेलाच राहिला. बिचारा.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? सांगते. आम्हाला वर्षभर चालेल अशी नवी गोष्ट सुरू करायची होती. ज्याचा खेळ जिंकेल तो सूत्रधार. आणि मला सूत्रधार व्हायचं होतं हो! सई झाल्यावर नोकरी सोडली, तेव्हापासून मी कशाचीच सूत्रधार नव्हते. सई शिंकली की मी उठायचं, खोकली की मी बसायचं. पोरीला रात्री ताप आला तर कोणत्या पानावर बघायचं? शाळेत डबा परत आला तर कोणता तक्ता? आई झाल्यापासून माझ्या एकाही 'समजा असं झालं तर'ला उत्तर मिळालेलं नव्हतं, आणि ह्या एका पुस्तकात सगळ्याला होतं. मला ते पुस्तक आवडत नव्हतं, मला त्याचा आधार होता.

शेवटी ठरलं, एका शनिवारी दोन्ही खेळ थोडे थोडे खेळायचे आणि कोणीतरी निकाल द्यायचा. मी तयारीला लागले. गड आखला, आपला देवगिरी आहे तसाच: खंदक, अंधारी वाट, वर मनोरा. मनोऱ्यात पळवून आणलेली एक राजकन्या. आणि तिला डांबून ठेवणारी एक चेटकीण.

आता इथं माझं पाप सुरू होतं.

त्याच आठवड्यात सईला खोकला झाला होता. मी औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर काढला, सईसाठी माशाच्या तोंडाचा मास्क असलेला. सासूबाईंनी निखाऱ्यावर ओवा-लसणाची धुरी काढली. एका पोरीच्या नाकासाठी दोन सरकारं! मी म्हटलं, आई, डॉक्टर नको म्हणालेत धूर. त्या म्हणाल्या, "मला काय? मी काय बोलनार!" आणि मग दिवेलागणीपर्यंत बोलल्या. मी सुशिक्षित सून. उलट उत्तर दिलं नाही. खोलीत गेले, दार लोटलं आणि चेटकीण लिहायला घेतली.

काय सांगू, काय झकास उतरली! गडाच्या दारातच ओरडते, "पाय धुऊन आत या!" सगळीकडं धूर. येईल त्याला कडू काढा पाजते. जाईल त्याची मीठ-मोहरीनं दृष्ट काढते. प्रत्येक शाप देण्याआधी म्हणते, "मला काय? मी काय बोलणार!" नाव ठेवलं श्वश्रूका. श्वश्रू म्हणजे संस्कृतात सासू. आमच्या घरात संस्कृत कोणालाच येत नाही, म्हणून मी फार सुरक्षित होते. फक्त फराहला सांगितलं. ती हसून हसून जिन्यातच बसली.

सासूबाई त्या शनिवारी पाचोडला जाणार होत्या, भाचीच्या साखरपुड्याला. साखरपुडा पुढं ढकलला गेला. मुलाकडच्या कोणालातरी कांजिण्या आल्या.

तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही. त्या नेहमीप्रमाणं सईला घेऊन आतल्या खोलीत बसतील, असं मी धरून चालले होते. टेबल मांडलं, पोह्यांसारखी फोडणी देऊन मुरमुऱ्यांची सुशीला केली, सगळे जमले आणि प्रश्न आला: निकाल देणार कोण? नितीन माझा नवरा म्हणून बाद, आणि ओंकारचा भाऊ म्हणूनही बाद. फराह म्हणाली, मैं तो लाच घेणार, आधीच सांगते.

ओंकार उठून उभा राहिला. "आईला बसवू!"

माझ्या हातातली डाव सुशीलेत पडली.

"आईंना कशाला त्रास?"

"त्रास कसला? तिच्याइतकी निष्पक्ष कोण? तिला दोन्हीतलं काही कळत नाही!"

"पण सईकडं..."

"सई मांडीवर बसंल की," आतून आवाज आला. "मला बी बघायचंय, दर शनवारी कशाला बोंबलताव ते." आणि सासूबाई चष्मा पुशीत येऊन बसल्या. मांडीवर सई. समोर सुशीलेची ताटली. फराह माझ्याकडं बघत होती आणि ओढणी तोंडात कोंबत होती.

मी काय म्हणणार होते? आई, तुम्ही नको, कारण चेटकीण तुम्हीच आहात?

पहिलं बारकं. ओंकारनं ऐटीत विचारलं, "आई, तू कोण होणार? योद्धा, जादूगार, का चोर?"

"मी कशाला दुसरी कोण व्हू? मी विमलच बरी."

"बरं, विमल. तू घनदाट जंगलात आहेस. पुढं पूल. पुलावर राक्षस! हातात सोटा! डोळे लाल! काय करशील?"

सासूबाईंनी जरा विचार केला. "त्याला म्हणावं, बाबा, तू कुणाचा कोण? गाव कोणतं?"

"आई, तो राक्षस आहे."

"राक्षसाला काय गाव नसतंय व्हय?"

बारक्या खेळात वाटेल ते बोलायची मुभा, त्यामुळं ओंकारला उत्तर द्यावं लागलं. राक्षसाचं गाव निघालं. गावातून आजोळ निघालं. आजोळातून कोण तरी पाचोडच्या बाजारात बैल घ्यायला यायचा ते निघालं. बघता बघता राक्षस सासूबाईंच्या चुलत नणंदेच्या नात्यात बसला, सोटा खाली ठेवला, आणि त्यांची पिशवी घेऊन पुलापलीकडं सोडायला आला.

"आई, त्यानं हल्ला करायचा होता!" ओंकार रडकुंडीला आला.

"उपाशी हाय रे तो. डोळे त्यानंच लाल झालेत. जेवायला बोलव त्याला."

राक्षस जेवायला आला. खेळ संपला. चहासुद्धा गार झाला नव्हता.

"कसा वाटला?" ओंकारनं आशेनं विचारलं.

"बरा हाय. पण तुझ्या खेळात मी म्हणल तेच व्हायलंय. मग खेळ कशाला? मी म्हणल ते घरात बी व्हतंय."

ओंकारचा चेहरा बघून मला एरवी नाचावंसं वाटलं असतं. जाड्याची बाजू ह्यापेक्षा चांगली मी महिनाभर मांडू शकले नव्हते! पण नाचणार कशी? माझी पाळी आली होती, आणि त्या गडाशिवाय माझ्याकडं दुसरं काही तयार नव्हतं.

ठीक आहे, म्हटलं, घाबरायचं नाही. चालता चालता बदलायचं. आईंचं एकेक लक्षण काढायचं आणि दुसरं काहीतरी घालायचं. सुचेल ते. अवघड काय त्यात?

"तुम्ही गडाच्या दारात आहात," मी सुरुवात केली. "आतून आवाज येतो, पा..." पाय धुवा म्हणणार होते. सासूबाई हे वाक्य रोज संध्याकाळी नितीनला म्हणतात. गिळलं. "पहारेकरी येतो! म्हणतो, हात पुढं करा. तळहातावर एक गार थेंब टाकतो. चोळा म्हणतो. बोटांच्या मधेही. नखांनाही."

नितीननं एक डोळा उघडला.

"कुणाचा गड हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"एका चेटकिणीचा."

"नाव काय तिचं?"

"श्व..." आणि मी जीभ चावली. फराह टेबलाखाली काहीतरी पडल्यासारखी वाकली. "श्वे... श्वेता!"

"श्वेता?" ओंकार म्हणाला. "चेटकिणीचं नाव श्वेता?"

"आसंल की. बरं नाव हाय. शिकलेली दिसती," सासूबाई म्हणाल्या.

फराह वर आली. डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर साळसूदपणा. "पण वो गड में धूर होगा ना गं? चेटकीण है तो धूर तो पाहिजेच. तू बोली थी ना?"

हिला मी मैत्रीण म्हणते!

"धूर नाही," मी घाईनं म्हटलं. "अजिबात धूर नाही. वाफ आहे. कोपऱ्यात एक यंत्र आहे, घर्रर्र आवाज करतं, त्यातून वाफ निघते. येईल त्याच्या तोंडावर चेटकीण ते लावते."

"माशाच्या तोंडाचा मास्क?" सईनं विचारलं.

"हो, तसाच," मी म्हटलं. तेव्हाही मला काही कळलं नाही. माणसाची बुद्धी कुठं जाते हो अशा वेळी?

तेवढ्यात खालून वॉचमन ओरडला, "पाणी आलं!"

आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, आणि तो पाण्याचा दिवस होता. इतक्या दिवसांनी नळ आल्यावर चेटकीणही गड सोडून बादल्या लावते. सगळे धावले. ओंकार ड्रमकडं, नितीन गच्चीवरची टाकी बघायला, फराह आपल्या घरी. मी बाथरूममध्ये बादलीपुढं बसून पुढचं सगळं मनात नीट रचलं. काढा काढून टाकायचा. दृष्ट काढून टाकायची. 'मला काय' तर औषधालाही ठेवायचं नाही. बादली भरून वाहायला लागली तरी मी रचतच होते.

पुन्हा बसलो तेव्हा मी एकदम मोकळी झाले होते. सांगायला लागले ते सुटलेच. चेटकिणीजवळ एक बाटली आहे, टोपणावर मापाच्या खुणा. ती येणाऱ्याला बरोबर खुणेपर्यंत औषध देते, झोपला असेल तर उठवून देते. तिच्याकडं एक स्फटिक आहे, तो ती प्रत्येकाच्या कपाळावर टेकवते. लाल झाला की आत प्रवेश नाही. पुन्हा टेकवते. पुन्हा. गडाच्या सगळ्या दगडी कोपऱ्यांना तिनं कापसाच्या गाद्या बांधल्या आहेत. आणि ती शाप देत नाही, नुसती विचारते: पडलात तर? भिजलात तर? दार लागलं आणि किल्ली आत राहिली तर? तिथं पोचल्यावर निरोप का नाही पाठवला? तिच्या प्रश्नांनी भलेभले वीर थकून मागं फिरतात.

काय बाई रंगला होता खेळ! नितीन चक्क जागा होता. ओंकार ओठ चावत होता. मला वाटलं, हरायच्या भीतीनं. आणि सासूबाईंचा मागमूससुद्धा माझ्या चेटकिणीत उरला नव्हता. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

"वर मनोऱ्यात राजकन्या डांबलेली आहे," मी म्हटलं. "चेटकीण दारात आडवी उभी आहे. काय करता?"

"माझा योद्धा तलवार..." नितीन म्हणाला.

"गप रे," सासूबाई म्हणाल्या. "तलवार म्हणं! बाईमानसावर!" त्या पुढं सरकल्या. आवाज खाली आला. "ती पळवून आणलेली नाय. लेकरू तिचंच हाय."

"आई, नाही, माझ्या गोष्टीत..."

"तुझ्या गोष्टीत काय बी आसू दे. दुसऱ्याच्या लेकरासाठी कुणी दगडाला कापूस बांधत नाय. ती चेटकीण नाय गं. भ्यालीय. एवढा मोठा गड, सगळं एकटीच्या जिवावर घेऊन बसलीय. झोप तरी लागती का तिला?"

मी पुस्तकाचं पान उलटलं.

"मी तिला म्हणते, तू जरा पड. लेकराकडं मी बघते."

मी पुस्तकाला शरण गेले. जाड्यात मन वळवण्याचा तक्ता आहे. असणारच! "फासा टाकावा लागेल," मी म्हटलं. सईनं दोन्ही हातांनी फासा टाकला.

तीन.

तीन म्हणजे साफ नाही. "चेटकीण ऐकत नाही," मी नियमाप्रमाणं सांगितलं. "म्हणते, मलाच बघावं लागतं."

मला वाटलं, आता सासूबाई चिडतील. त्यांनी पदर नीट केला, सुशीलेचा एक घास घेतला आणि म्हणाल्या, "बरं. नसंल ऐकत तर नसू दे. मी हितंच दारात बसते. आज नाय तर उद्या ऐकंल. घरात तरी मी दुसरं काय करायलेय?"

आणि ओंकार फुटला. म्हणजे असा हसला, की तोंडातले मुरमुरे पार जाड्या पुस्तकावर. फराह जमिनीवर बसली. नितीन माझ्याकडं बघत होता आणि खांदे हलत होते.

"काय झालं?" मी म्हटलं.

"वहिनी, बास! स्फटिक! अहो, परवा मी नुसता दारातून आलो तर थर्मामीटर माझ्या कपाळाला लावला तुम्ही! दोनदा!"

"पोचल्यावर निरोप," नितीन म्हणाला. "रोज. शेंद्र्याहून."

मी खाली बघितलं. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना मीच चिकटवलेले रबरी टोप. बाजूला सॅनिटायझर. शेल्फवर माशाच्या तोंडाचा मास्क. सासूबाईंना पुसता पुसता मी हाताला लागेल ते घालत गेले होते, आणि हाताला काय लागलं? मी!

"म्हंजे?" सासूबाईंनी सगळ्यांकडं बघितलं. "तुमाला आत्ता कळलं व्हय? मी तर त्या गार थेंबालाच वळखलं. म्हणलं, मेघनानं सोताचीच थट्टा मांडलीय." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आपल्यावर आपुनच हसायला काळीज लागतं गं. मला नसतं जमलं. मी चेटकीण केली असती ना, तर सरळ सुनंची केली असती!"

फराहच्या तोंडून जो आवाज आला तो मी सांगू शकत नाही. मी मान खाली घालून ते कौतुक घेतलं. दुसरं काय करू? खरं सांगू?

निकाल लागला. जाडं जिंकलं. "हिच्या खेळात ती भ्यालेली पोरगी लगेच ऐकत नाय, ते खरं वाटतंय," असं कारण दिलं सासूबाईंनी. ओंकारनं मान्य केलं, फक्त म्हणाला, ह्या निकालात पुस्तकाचा हात किती आणि वहिनीचा किती, हे तपासायला हवं. मी सूत्रधार झाले. त्या संध्याकाळी सासूबाईंनी सईला जवळ घेतलं आणि मला म्हणाल्या, जरा पड. मी पडले. दोनदाच उठून बघितलं.

पण मन खात होतं ना! फुकटचं मोठेपण पचत नाही मला. म्हणून पुढच्या शनिवारासाठी मी गोष्टीत एक नवं पात्र आणलं. गडाच्या वाटेवर राहणारी एक मायाळू, शहाणी, गोड बोलणारी आजी. वाटसरूंना सावली देते, दिवा देते, सल्ला देते. माझी गुपचूप माफी होती ती. लिहिताना दोन वेळा डोळे पुसले मी. खेळात सासूबाई आता कायमच्या होत्या, सई मांडीवर.

"झोपडीतून एक आजी येते," मी अगदी मायेनं म्हटलं. "म्हणते, ये गं लेकी, दमलीस का?"

सासूबाईंनी डोळे बारीक केले. "कोण ही म्हातारी?"

"खूप प्रेमळ आहे, आई."

"तेच म्हणते मी. एवढी गोड कशाला बोलायलीय? काही तरी काळंबेरं हाय. खंदक किती लांब हाय हितून?"

"शेजारीच, पण..."

"नितीन, ढकल तिला."

सईनं फासा टाकला. वीस. वीस आल्यावर सूत्रधाराच्या बापालाही काही करता येत नाही. माझी माफी खंदकात गेली. उंचावरून पडल्यावर कितपत लागतं त्याचा तक्ता मीच उघडला, मीच वाचून दाखवला. नियम म्हणजे नियम.

"हां," सासूबाई समाधानानं मागं टेकल्या. "आता ती आपली चेटकीण बोलव बरं. तिच्याबिगर मजा नाय."

मी अजून त्या खंदकाकडंच बघत बसले होते. तेवढ्यात सईनं माझी ओढणी ओढली.

"आई, ये ना लवकर. आजी तुला बोलवायलीय."